साप्ताहिक सुट्टी, सागरेश्वर

बुधवार. विटा डेपोला आज मी नाही.
ताकारीची गाडी दुसरीच कुणी घेऊन गेली असेल,
आणि मी सकाळी साडेसहाला
अभयारण्याच्या फाटकाशी
सुट्ट्या पैशांसाठी खांद्यावरची पिशवी चाचपतेय,
जी खांद्यावर नाही.

फाटकावर सर्जेराव मदने, वनमजूर.
'आवाज करू नगा, ताई.
आन दिसलंच पायजे असं धरून चालू नगा.'

वाटभर कडुलिंबाची पिवळी पानं.
पाय पडला की पापड मोडतो.
शिशिर अजून उतरायचाय
आणि पळस मागच्या दारानं
आत शिरलाय सुद्धा,
धक्काबुक्की करत, लाल तोंडानं.

टुक्. टुक्. टुक्.
कुठल्या फांदीवर ते कळत नाही.
जुन्या वाहकांकडे एक चिमटा असायचा,
तिकिटाला भोक पाडायचा.
तिकीट नसलं तरी हातातल्या हातात वाजवत राहायचे.
तोच आवाज. अगदी तोच.
'तांबट,' सर्जेराव म्हणाले,
'आता उन्हाळाभर ह्येची ड्युटी.'

गिरिपुष्पाला पान एक नाही,
अख्खं झाड फिकट गुलाबी,
त्यात शिंजीर:
काळा, उन्हात निळा, मग जांभळा, परत काळा.
मी 'ते बघा' म्हणेपर्यंत
तिसऱ्या झाडावर.

मी मोजत होते. मोर चार.
पाच असतील, किंवा एकच दोनदा.
चितळांच्या कळपात एकविसापर्यंत आले
आणि सगळी एकदम वळली.
चालत्या गाडीत माणसं जागा बदलतात
तेव्हा होतं तसं झालं.
पण इथं तपासणीला कोणी चढत नाही.

वर चढून गेल्यावर वारा.
खाली कृष्णेचं वळण, उसाचे हिरवे-पिवळे चौकोन,
कारखान्याचा धूर सरळ उभा,
आणि मळीचा वास, इतक्या वरही.
'ह्यो डोंगर बोडका हुता.
माझ्या आयनं खड्डं काढलं हितं, पाणी घागरीनं.
कंचं झाड तिचं,
ते तिलाबी सांगता यायचं न्हाई.'
एका खैराला त्यांनी हात लावला.
मग उगाच पुढच्यालाही.

ओघळीत उतरलो तर शिंग.
पानांत पडलेलं, वाळक्या फांदीसारखं,
मी ओलांडूनच चालले होते.
खालच्या टोकाला साळिंदराच्या दातांच्या रेघा.
उचललं.
जड. दिवसअखेरच्या चिल्लरीइतकं जड.
'ठेवा तितंच. नोंद करावी लागती.
सांबराचं हाय. फाल्गुनात गळत्यात.
दुखत न्हाई म्हणं त्यास्नी.'
म्हणं.

आणि तेव्हाच तो होता.
करवंदीच्या पलीकडे, पंचवीस पावलांवर,
किती वेळचा उभा, कुणास ठाऊक.
ओल्या मातीच्या रंगाचा,
मानेवर राठ केस,
एकच शिंग.
उरलेल्या वजनाच्या बाजूला
मान जराशी कललेली,
आणि ती सावरत
तो आमच्याकडे बघत होता.

मला हसू यायला हवं होतं.
आमच्याकडे याला अर्धं तिकीट म्हणतात, वगैरे.
आलं नाही.
कान हलले. नाक ओलं होतं.
मग करवंद नुसतीच करवंद राहिली,
दगड गडगडल्याचा आवाज थोडा उशिरानं आला.

खाली चौकीत सर्जेरावांनी वही काढली.
सांबर, नर, एक.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं
म्हणून पेन कानावर ठेवून बसले.
'तुमी लिवा, ताई. तुमचं अक्षर बरं असंल.'

मी वाकले.
भिंतीवर दाढी करायचा आरसा टांगलेला,
त्यात दिसलं:
चौदा वर्षं पैशाची पिशवी ज्या खांद्यावर,
तो डावा खांदा
दोन बोटं खाली.
आज सुट्टी असूनही.

मी लिहिलं:
दुसरं शिंग अजून आहे.